चक्कर येतेय? आधी सांगा

मराठी माणसांचे गट घेऊन देशात-परदेशात जाणं हे माझं काम. गटात साठीपुढची माणसं जास्त. कुणी निवृत्तीनंतर पहिल्यांदाच विमानात बसतं, कुणी लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला जाऊन आलेलं असतं आणि आता युरोप बघायला निघालेलं असतं. विमानात माणसाला अचानक बरं वाटेनासं होतं म्हणजे काय होतं, हे मी शेजारच्या सीटवरून बघत आले आहे. मी डॉक्टर नाही. पण गटातल्या डॉक्टरांकडून, विमानातल्या कर्मचाऱ्यांकडून आणि ज्यांना त्रास झाला त्यांच्याकडून जे शिकले, ते निघण्याआधीच्या बैठकीत सगळ्यांना सांगते. माझा अनुभव असा की विमानातली चक्कर बऱ्याचदा आदल्या दोन दिवसांत घरीच तयार होते आणि वाढते ती संकोचामुळे. बैठकीत सांगते तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

१. विमानात आपण डोंगरावर बसलेले असतो.

विमान पस्तीस-चाळीस हजार फुटांवरून जातं. आत हवेचा दाब राखलेला असतो म्हणून आपण श्वास घेऊ शकतो, पण तो दाब मुंबईतल्यासारखा नसतो. केबिनमधली हवा जास्तीत जास्त ८,००० फूट उंचीवर असते तितकी विरळ होऊ शकते. बोइंग ७८७ किंवा एअरबस ए३५० अशा नव्या विमानांत ती ६,००० फुटांच्या आसपास ठेवतात. आपलं कळसूबाई सुमारे ५,४०० फूट. म्हणजे मुंबईत चढलेला माणूस अर्ध्या तासात कळसूबाईच्याही वर जाऊन बसतो आणि लंडन येईपर्यंत नऊ-दहा तास तिथेच राहतो.

त्या हवेतही ऑक्सिजन २१ टक्केच असतो, पण दाब कमी असल्यामुळे प्रत्येक श्वासातून रक्तात जाणारा ऑक्सिजन कमी पडतो. जळगावच्या एका काकांनी करोनाच्या काळात घेतलेलं ऑक्सिमीटर सोबत आणलं होतं. विमानात बोटाला लावलं तर आकडा ९२. घरी कायम ९८ बघितलेला. काका घाबरले, काकू त्यांच्याहून जास्त घाबरल्या. मागच्या रांगेत आमच्याच गटातले एक डॉक्टर होते. त्यांनी काकांना स्वतःचं बोट लावून दाखवलं, तर त्यांचाही आकडा ९३. धडधाकट माणसाचा ऑक्सिजन विमानात इतपत उतरतो आणि त्याला ते कळतही नाही.

ज्यांची फुप्फुसं किंवा हृदय आधीच अशक्त आहे, ज्यांचं रक्त कमी आहे, त्यांना मात्र ते कळतं. आपल्याकडे रक्त कमी असणं बायका अंगावर काढतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला, आणि महाराष्ट्रातलं प्रमाणही निम्म्याहून अधिक होतं. लांबच्या प्रवासाआधी नवऱ्याचा ईसीजी, साखर, सगळं काढून होतं आणि बायकोचं हिमोग्लोबिन कुणी बघत नाही. तिकीट काढलं त्याच आठवड्यात ते तपासावं, म्हणजे कमी निघालं तर उपचाराला वेळ मिळतो.

२. प्रवासाच्या दिवशी उपास नको.

मुंबईहून परदेशी जाणारी बरीच विमानं मध्यरात्र ते पहाट या वेळात सुटतात. पुण्या-नाशकाच्या माणसाचा तो दिवस कसा जातो बघा. सकाळपासून बॅगा भरायच्या आणि वजन करायच्या. दुपारी शेजारीपाजारी, नातेवाईक निरोपाला येतात. गॅस बंद केला का, झाडांना पाणी कोण घालणार, किल्ली कुणाकडे ठेवायची, हे चालूच. संध्याकाळी टॅक्सी, मग खंडाळ्याचा नाहीतर कसाऱ्याचा घाट, मग मुंबईतली गर्दी. चार तास आधी विमानतळावर पोचायचं. विमानात पाय ठेवेपर्यंत माणूस वीस-बावीस तास जागा असतो. त्यात संकष्टी आली तर उपास सोडायचा चंद्रोदयाला, आणि चंद्र उगवतो तेव्हा आपण बॅगा द्यायच्या रांगेत उभे असतो.

सांगलीच्या एका काकूंचं असंच झालं. सकाळी राजगिऱ्याचा लाडू, दिवसभर चहा, घाटात जरा मळमळलं म्हणून पुढे काहीच नाही. विमान वर गेलं, त्यांना डुलकी लागली, जाग आल्यावर त्या एकदम उठल्या आणि बाथरूमकडे निघाल्या. चार पावलांवर मधल्या वाटेतच कोसळल्या. एअर होस्टेसने त्यांना तिथेच आडवं केलं, पायांखाली बॅग ठेवली, गळ्याशी घट्ट असलेला स्कार्फ सोडला. दोन-तीन मिनिटांत काकूंनी डोळे उघडले. सहप्रवाशांपैकी एका डॉक्टरांनी नाडी बघितली, साखर तपासली, आणि पहिला प्रश्न विचारला, ‘आज जेवलात काय?’

बसून बसून रक्त पायांत उतरलेलं, शरीरात पाणी कमी, पोट रिकामं, हवा विरळ, आणि त्यात झटकन उभं राहणं. मेंदूला रक्त क्षणभर अपुरं पडतं आणि शुद्ध हरपते. हे विमानात सगळ्यांत जास्त वेळा घडतं. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०१३ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात पाच विमान कंपन्यांच्या उड्डाणांतल्या, २००८ ते २०१० या काळातल्या ११,९२० वैद्यकीय घटना तपासल्या होत्या. साधारण ६०४ उड्डाणांमागे अशी एक घटना होती, आणि त्यांतल्या ३७ टक्के घटनांत माणूस बेशुद्ध पडला होता किंवा पडण्याच्या बेतात होता. श्वासाचा त्रास, उलट्या हे त्याच्या बरेच मागे.

उपास करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. ती त्यांची श्रद्धा आहे आणि मला तिचा आदर आहे. एवढंच म्हणते की तारीख टाळता येत नसेल तर पोटात काही टिकेल असं खा. केळी, दही, भगर, उकडलेलं रताळं, शहाळ्याचं पाणी. साबुदाण्याचे वेफर्स आणि चहा यावर दिवस काढू नका.

३. निघताना मेतकूट-भात.

वर गेल्यावर बाहेरचा दाब कमी होतो तसा पोटातला वायू फुगतो, जवळजवळ एक-तृतीयांशाने. त्यामुळे निघण्याच्या दिवशी मटकीची उसळ, छोले, राजमा, कोबी, सोडा हे नको. निरोपाचं जेवण म्हणून पुरणपोळी आणि कटाची आमटी करण्याची आपल्याकडे हौस असते. ती आदल्या दिवशी दुपारी करावी. फुगलेलं पोट वर छातीकडे दाबतं, श्वास पुरत नाही असं वाटतं, मळमळतं, आणि माणूस समजतो हृदयाचं काहीतरी आहे. निघताना मऊ भात, मेतकूट, तूप. मूगडाळीची खिचडीही चालेल.

४. आईला खिडकी देऊ नका.

मुलं प्रेमाने आईला खिडकीची जागा काढून देतात. आकाश बघेल, ढग बघेल. आई तासभर बघते, मग अंधार होतो. पुढचे आठ तास शेजारी दोन अनोळखी पुरुष झोपलेले, आणि त्यांना उठवून बाथरूमला कसं जायचं हा प्रश्न. त्यावर तिने घरीच उपाय ठरवलेला असतो. पाणी प्यायचं नाही. गटातल्या कितीतरी बायकांनी हे मला हळूच सांगितलं आहे. काही जणी तर सकाळपासूनच पाणी बंद करतात. काही जणी रक्तदाबाची ‘पाण्याची गोळी’ स्वतःच्या मनाने त्या दिवशी घेत नाहीत.

विमानातल्या हवेत आर्द्रता दहा-वीस टक्क्यांच्या आसपास असते. ओठ सुकतात, डोळे चुरचुरतात, घसा कोरडा पडतो. अशा हवेत दहा तास पाण्यावाचून बसलेली साठ-पासष्टीची बाई उभी राहिली की तिच्या डोळ्यांपुढे अंधारी येणारच. म्हणून जागा निवडताना मी आग्रहाने कडेची सीट घ्यायला लावते, मधल्या वाटेला लागून. तिथून कुणाला न उठवता उठता येतं, पाय मोकळे करता येतात, पाणी मागता येतं. पाणी तासाला थोडं थोडं प्यावं. एकदम तांब्याभर नको. सुरक्षा तपासणीनंतर रिकामी बाटली भरून घ्यावी, म्हणजे दर वेळी बटण दाबून कुणाला बोलवायला नको. चहा-कॉफी एखाददुसरी चालते. दारू मात्र वर नेहमीपेक्षा वाईट वागते. विरळ हवा आणि दारू एकत्र आली की झोपेत रक्तातला ऑक्सिजन आणखी खाली जातो. विमानात फुकट मिळते म्हणून पहिल्यांदा चव घेणारे काका-मामा गटात असतात. त्यांना मी हे सगळ्यांसमोर न सांगता बाजूला घेऊन सांगते.

व्हीलचेअरच्या बाबतीतही असाच संकोच. मुंबईच्या टर्मिनल २ मध्ये आत शिरल्यापासून विमानाच्या दारापर्यंत किती चालायचं आहे, हे आधी कळत नाही. गुडघे दुखणारी, धाप लागणारी माणसंसुद्धा ‘मला काय झालंय व्हीलचेअरला?’ म्हणतात आणि विमानात बसतात तेव्हा घामाने भिजलेली, थकलेली असतात. तिकीट काढतानाच, निदान दोन दिवस आधी, विमान कंपनीला कळवलं की ही सोय मिळते. ती घेण्यात काहीही कमीपणा नाही, हे मुलांनी आई-वडिलांना प्रेमाने पटवावं.

५. ज्यांना गाडी लागते त्यांनी पंखाजवळ बसावं.

घाटात ज्यांना बस लागते, मालवणच्या बोटीत ज्यांना पोटात ढवळतं, त्यांना विमानही लागू शकतं. आतल्या कानातला तोलाचा अवयव सांगतो की आपण हलतोय, आणि डोळ्यांपुढे मात्र समोरच्या सीटची स्थिर पाठ किंवा हातातला मोबाइल असतो. हे दोन निरोप जुळत नाहीत आणि मळमळ सुरू होते. पंखांच्या आसपासच्या जागा सगळ्यांत कमी हलतात, शेपटीकडच्या जास्त. इथे मात्र खिडकी कामाची. दिवसाउजेडी दूर क्षितिजाकडे बघितलं की बरं वाटतं. वाचन, मोबाइल बंद. डोकं सीटला टेकवून स्थिर. वरचा हवेचा झोत तोंडावर घ्यावा. आलेपाक, सुंठ, आवळासुपारी यांनी बऱ्याच जणांना आराम पडतो.

अवोमिनसारखी गोळी आपल्याकडे एसटीच्या प्रवासापासून घराघरात माहीत आहे. ती निघण्याआधी तास-दोन तास घेतली तरच उपयोग होतो. उलटी सुरू झाल्यावर नाही. आणि ती निरुपद्रवी समजू नये. तिने गुंगी येते, तोंड कोरडं पडतं, म्हाताऱ्या माणसाचा उभं राहताना तोल जातो. काचबिंदू असणाऱ्यांनी, प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्या पुरुषांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये, आणि दोन वर्षांखालच्या बाळाला ती देऊच नये.

जून-जुलैत मुंबईला उतरताना विमान ढगांतून हलत येतं, कधी जागा मिळेपर्यंत घिरट्या घालतं. तेव्हा गटातली दोन-तीन माणसं तरी पिशवी शोधतात. म्हणून पिशवी आधीच समोरच्या खिशात आहे का ते बघून ठेवावं, आणि बसलेलं असताना पट्टा कायम बांधलेला ठेवावा, दिवा विझलेला असला तरी. २१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला निघालेलं विमान म्यानमारच्या वर अचानक जोरदार हेलकावलं, त्यात एका प्रवाशाचा मृत्यू झाला आणि कितीतरी जण जखमी झाले.

६. कान चढताना कमी आणि उतरताना जास्त त्रास देतात.

एके काळी आपल्याकडे विमान सुटताना ट्रेमधून लिमलेटच्या गोळ्या फिरत. गोळी चघळली की आपण गिळत राहतो, गिळताना कानापासून घशापर्यंत जाणारी नळी उघडते आणि दोन्हीकडचा दाब सारखा होतो. उतरताना ही नळी चटकन उघडत नाही, म्हणून खरी गरज तेव्हा असते. उतरायला अर्धा तास उरला की मी माझ्या माणसांना जागं करते आणि गोळ्या वाटते. तान्ह्या बाळाला त्या वेळी पाजावं. नाक धरून, तोंड मिटून हळूच फुंकर मारली तरी कान सुटतात. जोर लावायचा नाही. एक कान सुटला आणि दुसरा तुंबला तर क्षणभर गरगरल्यासारखं होतं, ते बहुतेक वेळा आपोआप थांबतं. सणसणीत सर्दी किंवा कान ठणकत असेल तर निघण्याआधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं, नाकात घालायचे थेंब त्यांच्याच सांगण्याने घ्यावेत.

७. कसं होतंय ते नीट सांगा.

‘कसंतरी होतंय’ एवढ्याने समोरच्याला काही कळत नाही. डोळ्यांपुढे अंधारी येऊन, घाम फुटून, आवाज लांबून आल्यासारखे वाटत असतील तर शुद्ध हरपायच्या आधीची ती खूण आहे. लगेच डोकं खाली आणि पाय वर हवेत. आजूबाजूचं सगळं भिंगरीसारखं फिरत असेल, मान वळवली की वाढत असेल, तर तो कानाचा त्रास असण्याची शक्यता जास्त. तिथे डोकं स्थिर ठेवायचं, डोळे एका जागी रोखायचे. हात थरथरतायत, भूक लागल्यासारखं होतंय, चिडचिड होतेय आणि मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, तर आधी साखर द्यायची, तपासणी नंतर.

आणि काही गोष्टी अशा आहेत की ज्यांत एक मिनिटही थांबायचं नाही. छातीवर दडपण, ते हातात किंवा जबड्यात जाणं, बसल्या जागी धाप, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय जड पडणं, बोलणं अडखळणं. हे ‘उतरल्यावर बघू’ म्हणण्यासारखं नाही.

८. उठू नका, बटण दाबा.

हे मी सगळ्यांत जास्त वेळा सांगते, कारण हेच सगळ्यांत कमी पाळलं जातं. बरं वाटेनासं झालं की आपला माणूस पहिली धडपड करतो ती बाथरूमकडे. तिथे उलटी करता येईल, तोंडावर पाणी मारता येईल, आणि कुणाला दिसणार नाही. पण बंद दाराच्या आत बेशुद्ध पडलेल्या माणसाला शोधायला वेळ लागतो, आणि त्या एवढ्याशा जागेत पडताना डोक्याला लागतं. त्यापेक्षा आहात तिथे बसून राहा, डोकं गुडघ्यांकडे झुकवा, आणि डोक्यावरचं बटण दाबा. बटण सापडलं नाही तर शेजाऱ्याचा हात धरा. तो अनोळखी असला, वेगळी भाषा बोलणारा असला तरी हात धरलेला त्याला कळतो.

कोल्हापूरच्या एक आजी अर्धा तास गप्प बसून राहिल्या होत्या. चेहरा पांढरा पडला होता, पण त्यांनी मुलालाही सांगितलं नाही. नंतर मी विचारलं तर म्हणाल्या, ‘एवढं मोठं विमान, एवढी माणसं. माझ्यापायी कुणाला कशाला त्रास?’ आपल्या बायकांच्या मनात हे इतकं खोल रुजलेलं आहे की मला दर वेळी गलबलून येतं. त्यांना मी समजावून सांगते की विमानात काम करणाऱ्या मुलामुलींना प्रथमोपचाराचं शिक्षण दिलेलं असतं, ते त्यांच्या कामाचाच भाग आहे. विमानात ऑक्सिजनची नळकांडी असतात, प्रथमोपचाराची पेटी असते, मोठ्या प्रवासी विमानांत डॉक्टरांनी वापरायची वेगळी पेटीही असते. गरज पडली तर ‘विमानात कुणी डॉक्टर आहे का’ अशी घोषणा होते, आणि वैमानिक जमिनीवरच्या डॉक्टरांशीही बोलू शकतो. मात्र हे सगळं सुरू होण्यासाठी कुणीतरी बोलावं लागतं.

शेजारी बसलेल्याने काय करावं? माणूस बेशुद्ध पडला तर त्याला सीटवर ताठ बसवून ठेवू नये. जागा मिळेल तिथे आडवं करून पाय वर करावेत. कपडे सैल करावेत. शुद्ध नसताना तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनळीत जातं. कांदा, चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नये. शुद्ध आल्यावर लगेच उभं करू नये. मिनिटभरात शुद्ध आली नाही, श्वास नीट चालत नाही असं वाटलं, तर मोठ्याने हाक मारावी. भाषा येत नसेल तर मराठीत मारावी.

९. भीतीनेही चक्कर येते.

पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या माणसाचा श्वास नकळत भरभर चालू लागतो. त्याने बोटांना, ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, छाती आवळते. माणसाला वाटतं आता आपलं काही खरं नाही, आणि श्वास आणखी वाढतो. अशा वेळी ‘घाबरू नका’ म्हणून काही होत नाही. मी शेजारी बसते आणि हळू आवाजात रामरक्षा किंवा त्यांना पाठ असलेलं काहीही म्हणायला सांगते. म्हणताना श्वास सावकाश सोडावाच लागतो. कागदी पिशवीत श्वास घ्यायचा जुना उपाय विमानात करू नये. आधीच ऑक्सिजन कमी असतो. आणि छातीत दुखत असेल तर ती भीतीच आहे असं स्वतःच ठरवून मोकळं होऊ नये.

१०. औषधं हातातल्या पिशवीत.

मोठ्या बॅगेत अजिबात नाही. बॅग हरवते, उशिरा येते, आणि इन्सुलिन खालच्या सामानात गोठून निकामी होऊ शकतं. सोबत इंग्रजीत लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी ठेवावी, औषधांची मूळ नावं लिहिलेली. मधुमेह असेल तर वेळ बदलणाऱ्या प्रवासात डोस कधी घ्यायचा ते निघण्याआधी लिहून घ्यावं. पश्चिमेला जाताना दिवस लांबतो, पूर्वेला जाताना आखडतो. खिशात साखरेची पुडी, बिस्किटं. जेवण केव्हा येईल याचा भरवसा धरून इन्सुलिन टोचू नये. ताट समोर आलं की टोचावं.

नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, हृदयाचा झटका येऊन गेला असेल, तर विमान कंपनीचा वैद्यकीय अर्ज डॉक्टरांकडून भरून घ्यावा लागतो. डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेत वायूचा बुडबुडा सोडला असेल तर तो विरेपर्यंत विमानप्रवास पूर्ण बंद. वर गेल्यावर तो फुगतो आणि दृष्टी जाऊ शकते.

११. तारकर्लीला बुडी मारून त्याच दिवशी विमान नको.

आता चिपीला विमानतळ झाल्यापासून हा प्रश्न आपल्या दारात आला आहे. सकाळी स्कूबा, दुपारी विमान, असा बेत तरुण मुलं आखतात. पाण्याखाली दाबाने रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. त्याआधी विमानात बसलं तर त्याचे बुडबुडे होतात, सांधे दुखतात, चक्कर येते. एकाच उथळ बुडीनंतर निदान १२ तास, अनेक बुड्या मारल्या असतील तर १८ तास थांबावं. स्कूबा सहलीच्या पहिल्या दिवशी ठेवा.

१२. लेहला चक्कर उतरल्यावर येते.

लडाखच्या सहली आता गावोगावहून निघतात, आणि इथे मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते. लेहचा विमानतळ सुमारे १०,७०० फुटांवर आहे. सकाळी दिल्लीहून निघालेला माणूस दीड तासात तिथे उतरतो. विमानातल्या हवेपेक्षा बाहेरची हवा जास्त विरळ. पहिले दोन तास छान वाटतं, ऊन पडलेलं असतं, डोंगर दिसतात, आणि माणसं म्हणतात, शांतिस्तूप बघून येऊ, बाजारात फिरून येऊ. संध्याकाळी डोकं ठणकायला लागतं, मळमळतं, चक्कर येते, रात्री झोप नाही.

पहिला पूर्ण दिवस आणि शक्यतो दुसराही खोलीत, हळू हालचाली, भरपूर पाणी, हलकं जेवण. आंघोळीचीही घाई नको. माझ्या गटातले लोक यावरून माझ्यावर रागावतात, पैसे भरलेले दिवस वाया जातायत म्हणतात. मी तरी कुणाला बाहेर सोडत नाही. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स ही गोळी घ्यायची असेल तर डॉक्टरांना विचारून, आदल्या दिवसापासून. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी सांगावं. डोकेदुखीच्या पुढे जाऊन माणूस चालताना लडखडू लागला, असंबद्ध बोलू लागला, किंवा बसल्या जागी दम लागून खोकला येऊ लागला, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्रीच लेहच्या सरकारी रुग्णालयात न्यायचं. ज्यांना सवड आहे त्यांनी श्रीनगरवरून मुक्काम करत रस्त्याने जावं. शरीराला चढणीची सवय होत जाते.

१३. उतरल्यावरचे दोन दिवसही प्रवासाचेच.

बरीच माणसं विमानात ठीक असतात आणि इमिग्रेशनच्या रांगेत पडतात. तासभर उभं राहणं, अंगावर थंडीचे कपडे, हातात कागद, आणि अधिकारी काय विचारेल याची धास्ती. रांगेतही खाली बसता येतं. तिथल्या कर्मचाऱ्याला हात केला की बहुधा खुर्ची मिळते. मुक्कामाच्या घरी पोचल्यावर एक-दोन दिवस जमीन हलल्यासारखी वाटते, त्यात झोपेचं वेळापत्रक उलटंपालटं झालेलं असतं. बिछान्यातून उठताना आधी कडेला बसावं, मग उभं राहावं. रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवावा, घर नवं असतं.

पायांकडे मात्र लक्ष ठेवा. चार तासांहून मोठ्या प्रवासात पोटऱ्यांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, म्हणून विमानात दर तासाला पंजे वर-खाली करायचे, शक्य तेव्हा फेरी मारायची. दोन्ही पाय थोडे सुजले तर ती सूज बहुतेक उतरते. एकच पोटरी सुजली, दुखली, गरम लागली, किंवा अचानक धाप लागली, तर ताबडतोब डॉक्टर.

नागपूरच्या एका काकूंना न्यू जर्सीला पोचल्यावर तिसऱ्या दिवशी डावी पोटरी दुखू लागली. मुलीला कशाला सांगायचं, तिला कामावर जायचंय, असं त्यांच्या मनात आलं होतं, पण निघण्याआधीच्या बैठकीतलं आठवून त्यांनी सकाळी चहाच्या वेळी सांगितलं. मुलगी कामावर गेली नाही, त्यांना रुग्णालयात घेऊन गेली. सोनोग्राफीत गुठळी निघाली, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या. परतीचं तिकीट डॉक्टरांच्या सांगण्याने पुढे ढकललं. येताना त्यांनी कडेची सीट घेतली, पायात घट्ट मोजे घातले, आणि विमानात बसल्या बसल्या एअर होस्टेसला आपल्या पायाचं सगळं सांगून टाकलं.